महाबळेश्वरला चाललाय? मग जरा बसा की!

एका दिवसात बारा पॉइंट 'मारून' परत येतो आपण. पण ज्या गावातून आपली कृष्णा येते, ते गाव बघायचं राहूनच जातं.

पेरू देशात कुस्को नावाचं एक शहर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ३,४०० मीटर उंच. नुसत्या आकड्यानं अंदाज येत नसेल तर असं समजा, आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी कुस्को तिच्याही थोडं वर राहील. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानात बसलं की सव्वा-दीड तासात माणूस थेट अँडीज पर्वतात उतरतो.

खरी गंमत उतरल्यावर सुरू होते. बॅग उचलून हॉटेलचे चार जिने चढले की धाप लागते. हवा इतकी विरळ, की एका श्वासात समुद्रकाठी जेवढा ऑक्सिजन मिळतो त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश मिळतो. डोकं ठणकतं, मळमळतं, रात्री झोप लागत नाही. या त्रासाला तिकडे 'सोरोचे' म्हणतात. हॉटेलात आल्या आल्या कोकाच्या पानांचा चहा हातात ठेवतात आणि सल्ला एकच असतो : आज काही करू नका. पाणी प्या, हलकं जेवा, पडून राहा.

मग प्रवासी काय करणार? माचू पिचू बघायला आलेला असतो, पण पाय उचलत नाहीत. तो मुख्य चौकातल्या बाकावर जाऊन बसतो. लोकांची ये-जा बघतो. सान पेद्रो बाजारात हळूहळू फिरतो आणि बटाट्याचे इतके रंग, इतके आकार असतात हे त्याला पहिल्यांदा कळतं. हातून रुमियोक नावाच्या गल्लीतून जाताना भिंतीतला १२ कोपऱ्यांचा दगड दिसतो. इंका लोकांनी चुना-माती न लावता दगडाला दगड असा बसवलाय, की फटीत कागदसुद्धा जाईल की नाही शंका यावी. त्याच शहरात सूर्यमंदिराच्या जोत्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात त्या चर्चची पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र टिकल्या. ज्याला धावता येत नाही, त्याला हे सगळं दिसतं. कुस्कोला येणारा प्रत्येक जण काही शहाणा नसतो. तिथली हवाच त्याला शहाणपणानं वागायला लावते.

एवढ्या लांबचं कशाला, लेह घ्या. साधारण ३,५०० मीटर. आपल्याकडची पोरं वर्षभर पैसे साठवून लडाखला जातात. विमानानं गेलं तर पहिले दोन दिवस काहीही न करता लेहमध्ये थांबायचं, हे तिथे प्रत्येक जण बजावतो. तुम्ही जिममध्ये कितीही वजन उचलत असाल, रोज कृष्णाकाठी पाच किलोमीटर पळत असाल, उंची कुणाचं ऐकत नाही. उलट तरुण आणि तगडी पोरंच 'मला काय होतंय' म्हणत लगेच खारदुंगला गाठायला निघतात आणि आजारी पडतात. त्यामुळे लेहला गेलेला मित्र परत येऊन पॅंगाँगबद्दल सांगतो, तसं लेहच्या बाजारात दोन दिवस रिकामं फिरल्याचंही सांगतो. ऐकून बघा, त्या रिकामपणाबद्दल तो जास्त प्रेमानं बोलतो.

आता आपल्याकडे या.

ब्रेक नसलेली उंची

आपल्या वाट्याला आलेलं उंचावरचं शहर म्हणजे महाबळेश्वर. सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे आपण आठशे मीटर वर चढतो. एवढ्यानं कुणाला धाप लागत नाही, डोकं दुखत नाही. हवा थंड लागते, बास. तिथली हवा आपल्याला थांबवत नाही, म्हणून आपणही थांबत नाही.

आपल्या सहलीचा कार्यक्रम तुम्हाला पाठ असेल. माधवनगर-बुधगाव पट्ट्यातली कॉलेजची गँग पहाटे चारला निघते. एक क्रूझर किंवा चार-पाच बाईक. आष्ट्यावरून पेठ नाका, तिथे हायवे पकडायचा, कऱ्हाडला चहा, साताऱ्यात नाश्ता, मेढ्यावरून घाट चढून साडेनऊ-दहाला वर. तिथून पुढे शर्यत. वेण्णा लेक, फोटो. आर्थर सीट, फोटो. एलफिन्स्टन, फोटो. केट्स पॉइंट, फोटो. मधे कुठेतरी स्ट्रॉबेरी क्रीम, त्याचाही फोटो. संध्याकाळी पाचगणीचं टेबललँड, घोड्यासोबत रील. रात्री बाराला घरी. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, काय काय बघितलं, तर उत्तर ठरलेलं : 'बारा पॉइंट मारले.'

मारले! शब्द बघा की आपला. पॉइंट मारायचे, ट्रेक मारायचा, राउंड मारायचा. एखादं काम उरकून टाकावं तसं आपण गाव उरकतो.

याचा सगळा दोष आपल्यालाच द्यायला नको. महाबळेश्वरच्या स्टँडवर उतरलात की टॅक्सीचा फलक दिसतो. अमुक दर्शन, तमुक दर्शन, त्यात इतके पॉइंट, इतके तास, इतके रुपये. सगळं पर्यटनच यादीच्या हिशेबानं चालतं. कॉलेजच्या सहलीचंही तसंच. नोटीस बोर्डावर जितकी लांब यादी, तितकी सहल वसूल. दोन दिवसांत सात ठिकाणं लिहिली की पालकांनाही वाटतं, पैसे वाया गेले नाहीत. पण सात ठिकाणी जाण्यातला निम्मा वेळ बसमध्ये गेला आणि उरलेल्यातला निम्मा 'चला, चला, उशीर होतोय' ऐकण्यात गेला, हे त्या यादीत कुठे लिहिलेलं नसतं.

जे गाव विश्रांतीसाठीच वसलं

गंमत म्हणजे हे गाव मुळात निवांत राहण्यासाठीच वसवलं गेलं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली. हेतू होता आजारी सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना हवापालट. म्हणून या गावाचं नाव 'माल्कम पेठ'. पुढे पाचगणीही अशीच वाढली. तिथे १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल एअर सॅनेटोरियम सुरू झालं. तेव्हा क्षयावर आजच्यासारखी औषधं नव्हती. चांगली हवा, चांगलं अन्न आणि आराम, हाच उपचार. 'थंड हवेचं ठिकाण' या शब्दाच्या मागे हे सगळं आहे. महिना-महिना राहायचं, सकाळ-संध्याकाळ चालायचं, श्वास भरून घ्यायचा.

ते निवांतपण अर्थात साहेबांचं होतं आणि ते सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. याच महाबळेश्वरात एकोणिसाव्या शतकात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. समुद्रापलीकडून आणलेल्या या कैद्यांनी इथे बागकाम केलं, भाज्यांचे मळे पिकवले. त्यांची आठवण म्हणून आज काय उरलं, तर एका धबधब्याचं नाव, चायनामन फॉल्स. आपण तिथे उभं राहून सेल्फी घेतो, पण चिनी माणूस इथे सह्याद्रीत कशाला आला असेल, हे विचारायला आपल्याकडे पाच मिनिटं नसतात. ज्याला आपण आज विल्सन पॉइंट म्हणतो, त्या सर्वांत उंच डोंगराला आधी सिंदोळा म्हणायचे. इंग्रज यायच्या आधीही लोक तिथे राहत होते, डोंगरांना नावं देत होते. यादीत नुसतं 'विल्सन, सनराइज' असं असलं की हे सगळं गायब होतं.

तीच गोष्ट स्ट्रॉबेरीची. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ती आता इतकी आपली झाली आहे, की ती कुठून आली हा प्रश्नच पडत नाही. तर ऐका. आज जगभर खाल्ली जाणारी मोठी, लालबुंद स्ट्रॉबेरी हा संकर आहे. तिचं एक मूळ उत्तर अमेरिकेतलं आणि दुसरं दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमधलं. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच माणसानं १७१४ मध्ये चिलीची रोपं युरोपात नेली, तिथे पुढे दोन्ही जातींचा संकर झाला आणि फिरत फिरत ती आपल्या डोंगरावर पोचली. आपल्या एकादशीच्या खिचडीचंही तेच. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळी मूळची अमेरिका खंडातली. बटाटा तर थेट कुस्कोच्या शेजारपाजारचा. म्हणजे ज्या पेरूला आपण 'कुठं ते पेरू' म्हणतो, तो आपल्या ताटात रोज येऊन बसलेला असतो. बाजारात पंधरा मिनिटं उभं राहून, विकणाऱ्याशी बोलत बोलत स्ट्रॉबेरी घेतली, की असे प्रश्न आपोआप सुचतात. गाडीच्या खिडकीतून डबा घेतला तर फक्त डबा मिळतो.

आपल्यासाठी ते नुसतं पिकनिक स्पॉट नाही

हा लेख पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी असता तर मी इथेच थांबले असते. पण तुम्ही सांगलीचे आहात, माधवनगरचे आहात, मिरजेचे, कऱ्हाडचे, साताऱ्याचे आहात. आपलं महाबळेश्वरशी नातं वेगळं आहे. तिथून आपली नदी येते.

इंटर्न म्हणून डेस्कवर बसायला लागल्यापासून पावसाळ्यातल्या एका गोष्टीची मला सवय झाली आहे. संध्याकाळ झाली की आकडे येतात. कोयनेतून विसर्ग किती, धरण किती टक्के भरलं, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर. आणि या सगळ्यांच्या आधी, महाबळेश्वरला २४ तासांत पाऊस किती मिलिमीटर. तो आकडा मोठा असला की खोलीतली मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. तुमच्याही घरात हे होत असणार. बाहेर सांगलीत कोरडं ऊन पडलेलं असतं आणि नदी वाढत असते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सांगलीत सहाशेच्या आसपास. आपल्या दारात येणारं पाणी बहुतेक करून आपल्यावर पडलेलंच नसतं.

२०१९ ला आपण बहुतेक जण शाळेत होतो. तेव्हा आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. त्या ऑगस्टमध्ये कुणाचं काय गेलं हे इथे वेगळं सांगायला नको. प्रत्येकाच्या ओळखीत एखादं तरी घर आहे, जिथे भिंतीवरची ती रेघ अजून दाखवतात.

आणि तरीही आपण महाबळेश्वरला जातो तेव्हा ती नदी कुठून निघते हे न बघताच परत येतो! यादीत 'ओल्ड महाबळेश्वर' असतं, पण ते दहा मिनिटांचं. चपला काढायच्या, दर्शन घ्यायचं, चपला घालायच्या.

मी या जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी, क्षेत्र महाबळेश्वरला दोन-अडीच तास नुसती बसले होते. पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं हे उगमस्थान मानतात. धार एवढीशी आहे, की बादली भरायला वेळ लागेल. ती बघताना आयर्विन पुलाखालचं पाणी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, तर जमतच नाही. थोडं पुढे गेलं की कृष्णाबाईचं जुनं दगडी मंदिर आहे. तिथे गर्दी जवळपास नसते. तिथून खाली कृष्णेचं खोरं उघडं दिसतं, लांब धोम धरणाचं पाणी चमकतं. बाहेर फुलं-लिंबू विकायला बसलेल्या मावशींनी गाव विचारलं. मी सांगली म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, की मग तुम्ही आमचंच पाणी पिता. भूगोलाच्या पुस्तकात कृष्णेचा उगम मी पाच मार्कांसाठी पाठ केला होता. तो खऱ्या अर्थानं कळला तो त्या पायरीवर.

मग पुढचा नकाशा आपोआप जुळतो. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत येते. कोयना दक्षिणेकडे लांब वाहत जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. वारणा वेगळ्या डोंगरातून येते आणि आपल्या हरिपूरला मिळते. सावित्री मात्र त्याच डोंगरावरून उलटी, पश्चिमेला, कोकणात उतरते. एकाच माथ्यावर पडलेला पाऊस, थोडा इकडे पडला तर सांगलीत आणि थोडा तिकडे पडला तर महाडकडे. हे डोळ्यांनी बघितल्यावर संध्याकाळच्या बातमीतला 'महाबळेश्वर २०० मिलिमीटर' हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

म्हणून मला वाटतं, आपण तिथे निवांत जाणं ही चैन नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारनं २००१ मध्येच पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. तिथल्या जंगलाचं, मातीचं जे होईल ते खाली आपल्यापर्यंत येतं. आता तुम्ही कृष्णाबाईच्या पायरीवर तासभर बसलात म्हणून पूर थांबणार नाही, हे मलाही कळतं. पण उद्या तुमच्यातलाच कुणी इंजिनिअर होईल, कुणी तलाठी, कुणी नगरसेवक, कुणी माझ्यासारखी बातम्या लिहील. धरणातून पाणी कधी सोडायचं, डोंगरावर बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, यावर तेव्हा आपल्यालाच बोलायचंय. ज्यानं ते गाव फक्त बारा फोटोंत बघितलंय, त्याचं बोलणं आणि ज्यानं तिथे बसून पाणी निघताना बघितलंय, त्याचं बोलणं यात फरक पडेल.

'अगं पण...'

हे मी कॉलेजच्या कट्ट्यावर बोलले तेव्हा जे ऐकावं लागलं, ते तुम्हीही म्हणणार. म्हणून आधीच घेते.

पहिलं, पैसे. निवांत म्हणजे मुक्काम, मुक्काम म्हणजे हॉटेल आणि हॉटेल म्हणजे महिन्याचा पॉकेटमनी. बरोबर आहे. सीझनला, शनिवार-रविवारी तिथले दर बघून परत फिरावंसं वाटतं. पण निवांतपणाला मुक्काम लागतोच असं नाही. बाराऐवजी दोन ठिकाणं घेतली तर त्याच एका दिवसात चार-पाच तास मोकळे मिळतात. टॅक्सीचं पूर्ण 'दर्शन' घ्यायचीही गरज पडत नाही. उलट खर्च कमीच होतो.

दुसरं, मुलींचं. 'घरचे मुक्कामाला सोडत नाहीत.' माझ्या बऱ्याच मैत्रिणींची हीच गोष्ट आहे आणि यावर 'घरच्यांना समजावा' असं सोपं उत्तर मी देणार नाही. एवढंच सांगते की मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. चार मैत्रिणींनी मिळून, दिवसाउजेडी, साताऱ्याला बस बदलून जाणं हे क्रूझरच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतं आणि घरच्यांनाही एसटीचा भरवसा वाटतो. आणि एसटीतून जाताना घाटसुद्धा नीट दिसतो, कारण गाडी आपल्याला चालवायची नसते. सकाळी लवकर निघा, एकच ठिकाण घ्या, परतीची बस आधी विचारून ठेवा.

तिसरं, 'अगं, मजा तर धावपळीतच असते ना!' हा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो खरा आहे. पहाटेच्या अंधारातली अंताक्षरी, मागच्या सीटवरची भांडणं, कऱ्हाडचा चहा, कुणीतरी उलटी करणं आणि त्यावर वर्षभर चिडवणं, याला तोड नाही. पण नीट बघा, यातलं काहीच पॉइंटवर घडलेलं नाही. दहा वर्षांनी गँग भेटेल तेव्हा एलफिन्स्टन पॉइंटला वारा कसा होता हे कुणी सांगणार नाही. सगळे गाडीतलं सांगतील. म्हणजे आपल्याला मजा येते ती एकमेकांबरोबर रिकामा वेळ मिळाल्यानं. मग तो वेळ बारा ठिकाणी चढण्या-उतरण्यात का घालवायचा? तीच गँग एखाद्या कड्याजवळच्या झाडाखाली तीन तास बसवा, भडंगाची पिशवी फोडा आणि बघा काय होतं ते.

चौथा मुद्दा जरा गंभीर आहे. पॉइंटवर टॅक्सीवाल्यांचं, घोडेवाल्यांचं, मक्याची कणसं भाजणाऱ्यांचं पोट आहे. सगळे निवांत बसले तर त्यांनी काय करायचं? इथेही मला वाटतं, धावणारा पर्यटक खर्च करतो तो मोजक्या मोठ्या ठिकाणी, कारण त्याला थांबायला वेळच नसतो. बसणारा माणूस दोनदा चहा घेतो, कणीस खातो, गावातल्या खाणावळीत जेवतो, पिठलं-भाकरी मागतो. पैसा तोच असतो, फक्त जास्त हातांत जातो. शिवाय गर्दीचं गणित आज ना उद्या सगळीकडे बदलणार आहे. माचू पिचूला रोज किती लोकांना सोडायचं हे ठरलेलं आहे आणि वेळेचं तिकीट काढून ठरलेल्या वाटेनंच फिरावं लागतं. आपल्या कास पठारावरही फुलांच्या दिवसांत रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. लोक फुलं बघायला येत होते आणि फुलांवर पाय देत होते. नियम यायची वाट बघायची की आधीच जरा दमानं घ्यायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

मग करायचं काय?

फार काही नाही. उलट कमी करायचं. तरी विचाराल तर माझी छोटीशी यादी :

शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या सोडून जा. कॉलेजला एक दिवस दांडी मारायची तर निदान अशा कामासाठी मारा.

जास्तीत जास्त दोन ठिकाणं ठरवा. त्यातलं एक क्षेत्र महाबळेश्वर ठेवा. गोमुख बघा, मग कृष्णाबाईच्या मंदिरात जाऊन खोऱ्याकडे तोंड करून बसा. मोबाइल बंद करा असं मी म्हणणार नाही, फोटो काढा की! पण आधी बसा, मग काढा.

वाटेत भिलार लागतं. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. लोकांच्या घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, जाऊन हवं ते वाचत बसायचं. गटानं शिरून, कपाटासमोर फोटो काढून निघायची ती जागा नाही. एखादं पुस्तक निम्मं तरी वाचून व्हावं, इतका वेळ ठेवा.

तिथल्या एका तरी माणसाशी पाच मिनिटं बोला. भाव करण्यासाठी नव्हे, असंच. पावसाळ्यात काय करता, एवढा एक प्रश्न पुरतो. चार महिने धुकं आणि पाऊस घरात शिरू नये म्हणून तिथली माणसं काय काय करतात, हे ऐकण्यासारखं असतं.

आणि सहल समितीत असाल तर या वर्षी नोटीस बोर्डावर छोटी यादी लावून बघा. 'एक दिवस, एक गाव.' सर ओरडतील, पोरं नाक मुरडतील. पण भूगोलाच्या, मराठीच्या, पर्यावरणाच्या एखाद्या मॅडमना बरोबर घेतलंत तर तीच सहल प्रोजेक्टमध्येही बसते. हे मी अनुभवी सल्लागारासारखं सांगत नाही. अजून पदवीचं प्रमाणपत्र हातात यायचंय माझ्या. पण एवढं नक्की दिसतंय, की आपल्या पिढीला जायला गाडी आहे, दाखवायला मोबाइल आहे, फक्त थांबायला कुणी सांगितलेलं नाही.

कुस्कोला जाणं आपल्यातल्या किती जणांना जमेल, माहीत नाही. जमलं तर जरूर जा आणि पहिल्या दिवशी तो चहा पिऊन पडून राहा. पण तोपर्यंत, चार-पाच तासांवर आपलं स्वतःचं उंचावरचं गाव आहे. तिथे हवा आपल्याला अडवणार नाही, कुणी 'आज काही करू नका' म्हणणार नाही. ते आपणच आपल्याला सांगायचंय.

पुढच्या महिन्यात तुमच्या ग्रुपवर सहलीची यादी येईल. त्यातले दहा पॉइंट खोडा आणि उरलेल्या दोनांपुढे लिहा, 'इथे बसायचं.' कुणी विचारलंच, बसून काय करणार, तर सांगा : आपल्या नळाला येणारं पाणी कुठून निघतं ते बघणार.